तुमचं विचारणं, माझं सांगणं : सोंग विकत घेताना

मागच्या अंकात कुणाच्याशा आधार दुरुस्तीला उत्तर देताना मी सहज लिहून गेले, की म्हापशातलं माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान बंद केलं की संध्याकाळी तासभर मी यूट्यूबवर लाइव्ह असते, पण तिथं चेहरा माझा नसतो. माझ्याऐवजी एक चित्र बोलतं. झालं! पंधरा दिवसांत जी पत्रं आली त्यांत एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्याबद्दल एकही नाही. सगळ्यांना ते चित्रच हवंय. तेव्हा या महिन्यात तेच. उतारेवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, मी डिचोलीची, वय २३. दिवसा कारखान्यात नोकरी. रात्री मोबाइलवर गेम खेळत मराठीतून गप्पा मारायचं चॅनल काढायचंय. चेहरा दाखवायला घरचे तयार नाहीत आणि खरं तर मलाही नको. जुना लॅपटॉप आहे, अठरा हजार साठवलेत. एका साइटवर निळ्या केसांचा, झुमकेवाला एक तयार अवतार मनात भरलाय. सोळा हजारांना आहे. विकणारा म्हणतो ‘फुल रिग’ आहे आणि सवलत रविवारपर्यंतच. घेऊ का?

उत्तर : रविवार जाऊ दे, बाय. असल्या सवलतीचा रविवार दर आठवड्याला येतो.

आधी आपण नेमकं काय घेतोय ते बघ. तू निवडलेला अवतार सपाट चित्राचा, म्हणजे टूडी. असं पात्र चित्रकार एकसंध रंगवत नाही. भुवया वेगळ्या, वरची पापणी वेगळी, बुबुळ वेगळं, कपाळावरच्या बटा वेगळ्या, मानेमागचे केस वेगळे. तोंडातला काळोख, दात, जीभसुद्धा आपापल्या थरावर. मग हे थर बहुतेक वेळा लाइव्हटूडी क्युबिझम नावाच्या जपानी सॉफ्टवेअरमध्ये जातात आणि तिथं कुणीतरी त्यांना हालचाल शिकवतो. डोकं डावीकडे वळलं की नाक किती सरकायचं, कान किती झाकायचा, बट किती मागाहून हलायची, हे सगळं हातानं बसवायचं. यालाच रिगिंग म्हणतात. पुढचं काम तुझ्या कॅमेऱ्याचं. तो तुझा चेहरा बघतो, व्हीट्यूब स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर तुझ्या पापण्या-ओठांची हालचाल आकड्यांत उतरवतं आणि त्या आकड्यांवर चित्र नाचतं. म्हणजे पैसे दोन कामांचे, चित्राचे नि रिगचे. आणि विक्रीच्या पानावर दिसतं फक्त चित्र. ‘फुल रिग’ला तर काही मोजमापच नाही. कुणी श्वासासकट कंबरेपर्यंत हलवतो आणि फुल म्हणतो, कुणी नुसते डोळे मिटवतो आणि तोही फुलच म्हणतो.

माझंच सांगते. तीन वर्षांपूर्वी मी असाच एक तयार अवतार साडेचौदा हजारांना घेतला. लांब वेणी, हिरवी ओढणी, दिसायला देखणी पोर. मी लाइव्हमध्ये जुन्या म्हणी आणि त्यांच्यामागच्या गोष्टी सांगते. पहिल्याच संध्याकाळी बघते तर ‘आ’ला तोंड जेवढं उघडतं तेवढंच ‘ऊ’ला, तेवढंच ‘ओ’ला. प, फ, ब, म म्हणताना ओठ मिटतच नव्हते. जाळ्यातून काढलेल्या शेवट्यासारखं नुसतं उघडझाप चाललेलं. दुरुस्ती करून मागितली तर त्याचे पैसे वेगळे, आणि तेही जवळजवळ मूळ किमतीइतके. तरी चालवलं. तीन महिन्यांनी जहाजावर नोकरी करणाऱ्या एका नेहमीच्या श्रोत्यानं लिहिलं, “ताई, काल रात्री तुम्ही बंदुका चालवत होता का?” शोधून बघते तो काय, तीच वेणी, तीच ओढणी, आणि माझी लेक परक्या भाषेत ओरडत धडाधड माणसं मारतेय. विकणाऱ्यानं तोच अवतार मागेल त्याला विकला होता. फसवलं म्हणू तर तेही नाही; शर्तींत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. वाचलं नव्हतं ते मी, जी दिवसभर दुकानात लोकांना “सही करायच्या आधी वाचा” म्हणून दटावते.

तेव्हा मला बाबा आठवले. पेडण्याकडच्या जत्रांत, काल्यांना, म्हणजे दशावतारी नाटकांना, ते रंगभूषा करायचे. नटाला मिशी चिकटवली की आरसा हातात द्यायच्या आधी म्हणायचे, “पोपट म्हण.” ओठ दोनदा मिटले आणि मिशी जागची हलली नाही, तरच माणूस रंगमंचावर जायचा. नुसती ऐटबाज मिशी त्यांच्या लेखी अर्धवट काम होतं.

तूही तेच कर. विकणाऱ्याला सांग, संगीत लावलेली, तुकडे जोडलेली जाहिरात नको. सलग एक मिनिट हा अवतार बोलताना दाखव. भाषा त्याची असली तरी चालेल. आवाज बंद करून नुसतं तोंड बघ. ओठ पुरते मिटतात का, ‘ऊ’ला तोंड आक्रसतं का, ‘ई’ला फाकतं का. मग दोन्ही बाजूंना मान वळवायला लाव. वळताना कानामागून नाहीतर मानेपाशी पांढरी फट दिसली तर ते काम उरकलेलं आहे. दोन्ही डोळे वेगवेगळे मिटतात का तेही बघ. आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली बघताना चेहरा कसा दिसतो. तू मोबाइलवर खेळणार, म्हणजे निम्मा वेळ मान खाली. पुष्कळ अवतार समोर बघताना गोड आणि खाली बघताना हनुवटी गिळल्यासारखे दिसतात. कॅमेराही लॅपटॉपच्या डोक्यावर ठेवू नकोस, खाली फोनच्या पातळीला आण, नाहीतर त्याला तुझा भांगच दिसेल. हे सगळं दाखवायला जो तयार नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही.

आता हातात काय मिळणार ते. तुला चालवण्याच्या फायली मिळतील, त्यांतली मुख्य मॉकथ्री, सोबत रंगांची पीएनजी चित्रं. त्यांवर अवतार हलेल, पण त्यात बदल करता येणार नाही. बदलायचं तर मूळ सीएमओथ्री फाइल लागते, आणि थरांसकट पीएसडी, म्हणजे चित्रकाराची फोटोशॉपची फाइल. या दोन्ही सहसा देत नाहीत. द्यायला तयार असतील तर जास्त पैसे मागतात, आणि माझ्या मते ते देण्यासारखे असतात. उद्या तुला चतुर्थीत कपाळाला टिकली लावावीशी वाटली तर त्या एका टिकलीसाठी परदेशातल्या माणसाच्या पाया पडावं लागतं. मी पडलेय. कुंकू म्हणजे काय हे त्याला समजावताना मी फोटो पाठवला, आणि त्यानं लाल मुरुम काढून पाठवला.

शर्तींत काय बघायचं? या अवतारावर चॅनलमधून पैसे कमवायची मुभा आहे का? ‘वैयक्तिक वापर’ लिहिलं असेल तर बहुधा नसते. टी-शर्टवर छापता येईल का? दुसऱ्याकडून बदल करून घेता येतील का? आणि हा एकालाच विकला जाणार की अनेकांना? तयार मालात एकालाच विकलेला महाग असतो. तुझा सोळा हजारांचा तसा असेल तर भाव ठीक आहे; नसेल तर जपानचं बूथ किंवा लाइव्हटूडीवाल्यांचंच निझिमा या बाजारांत एक चक्कर मारून ये, मग ठरव. कार्ड परदेशी व्यवहारासाठी बँकेच्या ॲपमधून चालू करावं लागेल. २०२० पासून नवी कार्डं देशांतर्गत वापरापुरतीच चालू होऊन येतात. वर बँक विनिमय दरावर दोन-तीन टक्के चढवते तेही धर.

आता तू न विचारलेलं सांगते. अठरा हजार पुढच्या महिन्यावर ठेव. त्यातले तीन-चार हजार काढून धड मायक्रोफोन घे. व्हीडोट्यूब मिनी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन चित्रं घालायची, एक तोंड मिटलेलं नि एक उघडलेलं. आवाज आला की चित्र बदलतं. कॅमेरासुद्धा लागत नाही. महिनाभर आठवड्यातून तीन रात्री त्यावर बोल. दिवसभर कारखान्यात राबून आल्यावर दोन तास बोलवतं का, कुणी ऐकतं का, तुला कुठलं पात्र शोभतं, हे त्यातच कळेल. माझा अंदाज आहे, महिन्याच्या शेवटी तुला निळे केस नको असतील. असलेच, तर खुशाल घे.

प्रश्न : माझ्याकडे आठ जीबी रॅमचा लॅपटॉप नि साधा अँड्रॉइड फोन आहे. सगळे म्हणतात आयफोनशिवाय अवतार नीट हलत नाही. हप्त्यावर घेऊ का? (म्हापसा)

उत्तर : अजिबात नको. म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. आयफोन एक्सपासून पुढच्या फेस आयडीवाल्या फोनांत खोली मोजणारा कॅमेरा असतो, तो चेहऱ्याच्या पन्नासेक बारीक हालचाली टिपतो. गाल फुगवले, जीभ काढली, ओठ एका बाजूला मुरडले, सगळं. पण अवताराला गाल फुगवायला शिकवलेलंच नसेल तर त्या हालचाली जातात वाऱ्यावर. स्वस्त तयार अवतारांना बहुधा शिकवलेलं नसतं. आधी रिग बघ, मग फोन.

लॅपटॉपच्या वेबकॅमवर व्हीट्यूब स्टुडिओ चालतं. ते फुकट आहे, कोपऱ्यात छोटा शिक्का दिसतो, तो काढायला एकदाच पैसे भरायचे. आठ जीबीवर अवतार आणि ओबीएस, म्हणजे स्क्रीन यूट्यूबवर लाइव्ह पाठवणारं सॉफ्टवेअर, दोन्ही तग धरतील. शिवाय त्याच लॅपटॉपवर जड गेमही खेळणार असशील तर धाप लागेल.

लोक ज्याकडे बघत नाहीत ते म्हणजे उजेड. पाठीमागे खिडकी, डोक्यावर ट्यूबलाइट आणि ट्यूबलाइटखाली गरगरणारा पंखा अशी आपल्या खोल्यांची मांडणी. पंख्याच्या पात्यांची सावली तोंडावरून फिरली की अवतार वेड लागल्यासारखा पापण्या मिचकावतो. मला आठवडाभर वाटत होतं सॉफ्टवेअर बिघडलंय. टेबललॅम्प समोर ठेव, त्यावर पांढरा कागद लाव. चष्मा असेल तर दिवा जरा वर आणि बाजूला, म्हणजे काचेवर चकाकणार नाही.

इंटरनेटचा अपलोड वेग तपास. कंपनी डाउनलोडचा आकडा मिरवते, तुला लागतो दुसरा. ७२०पी साठी चारेक एमबीपीएस अखंड मिळाले पाहिजेत. वायफायऐवजी केबल जोड. आणि जूनमध्ये सुरुवात करू नकोस. पहिल्या पावसात वीज जाते तेव्हा लॅपटॉप चालू राहतो, राउटर बंद पडतो. राउटरला छोटा बॅकअप मिळतो, तो घे.

प्रश्न : मी पुरुष. मला बाईचा अवतार घ्यावासा वाटतो. आवाज माझाच ठेवणार. लोक काय म्हणतील? (पेडणे)

उत्तर : पेडण्याच्या माणसानं हे विचारावं? तुमच्या गावच्या काल्यात द्रौपदी कोण करतं? मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी स्त्रीभूमिका केल्या, त्या बघायला लोक तिकीट काढून जात होते. जपानमध्येही कित्येक पुरुष असे अवतार घेतात, त्याला तिकडे वेगळा शब्दच आहे. फक्त एक करा. कुणाला बाई असल्याचं भासवून पैसे मागू नका, आणि चॅनलच्या माहितीत सरळ लिहा. दशावतारी नट पहाटे रंग पुसून चहा प्यायला बसतो, तेव्हा तो कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असतंच की.

प्रश्न : ताई, मी फोंड्याचा, चित्रकलेचं शिक्षण घेतलंय. आता लोक माझ्याकडे अवतार मागतात. एकानं साडेसहा हजार दिले, मी थर करून चित्र दिलं, रिग दुसऱ्यानं केला. आता तो माझं चित्र मगवर छापून विकतोय. त्याला अडवता येईल का? कागद काहीच केलेला नाही.

उत्तर : कागद केला नाहीस तिथंच घोळ झाला, बाबा. आणि तुला वाटतं त्यापेक्षा मोठा.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं की निर्मिती करणारा हा पहिला मालक. पण त्याच कलमात अपवाद आहेत. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेलं पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ते काढून घेणारा. तुझं चित्र त्यात बसतं असं समोरचा म्हणणार, बसत नाही असं तू म्हणणार, आणि साडेसहा हजारांसाठी दोघं वकील करणार. त्यापेक्षा त्याला भेट, मगचे दोन पैसे तुला मिळतील असं बोलणं कर. आपल्याकडे दोघंही एकाच बाजारात शुक्रवारी भेटणारे असतात, ते बरं असतं.

पुढच्या गिऱ्हाईकाला मात्र एक पान छापून दे. मराठीत चालेल. मालकी तुझ्याकडेच ठेवून फक्त वापराची परवानगी देतोयस, की हक्कच विकतोयस, हे पहिल्या ओळीत लिही. हक्क विकत असशील तर कलम १९ बघ. असा करार लेखी आणि सहीचाच लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. लाइव्ह बघणारा बसलेला असतो दुबईत, म्हणून ‘जगभर’ हा शब्द गिऱ्हाईक मागेल, आणि तू त्याचे पैसे लाव. कलम ५७ खाली, हक्क विकल्यावरही चित्र माझं आहे हे सांगायचा हक्क तुझाच राहतो. चॅनलच्या माहितीत नाव टाकायला सांग.

दर किती, हे विचारलं नाहीस, तरी सांगते. साडेसहा हजारांत थरांसकट चित्र म्हणजे स्वतःची मजुरीही सुटत नाही. माझं सध्याचं पात्र एका तुझ्यासारख्याच मुलानं काढलं. चित्राला अठरा हजार दिले, रिगला बावीस, आणि सगळं व्हायला चार महिने लागले. निम्मे आधी, कच्च्या रेखाटनाला होकार दिल्यावर पाव, शेवटी पाव. रेखाटनावर तीन वेळा बदल फुकट, रंग भरल्यावर प्रत्येक बदलाचे पैसे. हे त्यानंच ठरवलं होतं आणि मला पटलं. त्या तीन वेळांत मी नाक दोनदा बदलून घेतलं.

प्रश्न : एआयकडून फुकट सुंदर चित्र काढून घेतलं आणि फक्त रिगिंगचे पैसे दिले तर? (मडगाव)

उत्तर : एआय देतं ते एकच सपाट चित्र. बटांच्या मागचं कपाळ त्यात नाही, मिटलेल्या ओठांमागची जीभ नाही. रिग करणारा ते कापून मागचं सगळं हातानं रंगवणार आणि त्याचे पैसे घेणार; अनेकजण असलं काम घेतच नाहीत. उलट बाजूनंही सावध राहा. कुणी ‘हातानं काढलेलं’ म्हणून विकत असेल तर कच्चं रेखाटन आणि थरांची पीएसडी दाखवायला सांगा. ज्यानं काढलंय तो दोन मिनिटांत दाखवतो.

प्रश्न : मी वाळपईची, वय ५८. ओव्या आणि सणांची गाणी लाइव्ह म्हणायचीत. जपानी मुलगी नको. आपल्यासारखी बाई हवी, पिकल्या केसांची, कुणबी साडी नेसलेली, केसांत अबोलीची फाती. मिळेल?

उत्तर : तयार मिळणार नाही, माई. मी शोधलंय. त्या बाजारात म्हाताऱ्या बायका नाहीतच. असल्या तर चेटकिणी. पण तुम्ही स्वतः करू शकता. पिक्सिव्ह कंपनीचं व्हीरॉइड स्टुडिओ मोफत आहे, त्यात थ्रीडी पात्र घडतं. कळा सरकवून नाक-डोळे-बांधा बदलायचा, केस ब्रशनं ओढायचे, पांढरे करायचे. सुरकुत्या चेहऱ्याच्या चित्रावर रंगवाव्या लागतात. नातीला बसवा, तिला जमेल.

साडीचं मात्र अवघड. त्यात कपडे तयार साच्याचे असतात आणि आपण फक्त वरचं कापड रंगवतो. पदर, निऱ्या, खांद्यावरची गाठ, यातलं काही नाही. मी लांब झग्याच्या साच्यावर लाल चौकडा रंगवला. समोरून साडी वाटते, मान वळवली की टेबलक्लॉथ. तोडगा असा की पात्र छातीपर्यंतच दाखवा आणि खांद्यावरच्या गाठीवर मेहनत घ्या. अबोली केसांच्या साधनानंच छोट्या-छोट्या गाठी काढून केशरी रंगवली, छान झाली. फुलं खरी वाटतात, केस प्लास्टिकचे.

पात्र पूर्ण झालं की व्हीआरएम या प्रकारात बाहेर काढायचं. तिथं आवृत्ती विचारतात, ०.० निवडा, कारण ते ज्यात चालवायचं त्या मोफत व्हीसीफेसला १.० उघडत नाही. यात मीही एक अख्खी संध्याकाळ घालवली. वेबकॅमवर हात हलत नाहीत, खाली सोडलेलेच राहतात. ओव्यांना चालेल. फुगडीला नाही.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा अवतारासाठी पंचवीस हजार मागतोय. म्हणतो यात करिअर आहे. हे जपानी खूळ किती दिवस टिकणार? (पर्वरी)

उत्तर : खूळ २०१६ च्या अखेरीस किझुना आय या पात्रापासून चालत आलंय. तिथल्या कव्हर आणि एनीकलर या दोन कंपन्या असली पात्रं चालवतात आणि दोन्ही टोकियोच्या शेअर बाजारात आहेत. तेव्हा टिकायचं म्हणाल तर टिकलंय. मात्र तिथं पात्र कंपनीचं असतं; माणूस सोडून गेला की चेहरा मागे ठेवून जातो. ते करिअर कुणाचं, हे मुलाला विचारा.

पैशांचा प्रश्न तसाही आज येत नाही. २२ जुलै २०२५ पासून यूट्यूबवर एकट्यानं लाइव्ह करायला किमान १६ वर्षं वय लागतं. त्याहून लहान असेल तर सोबत मोठं माणूस दिसायला हवं. दोन वर्षं आहेत हातात. त्याला चित्रकला किंवा रिगिंग शिकू दे. क्युबिझमची मर्यादित मोफत आवृत्ती आहे, प्रो आवृत्ती ४२ दिवस वापरून बघता येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बरोबर बसतं.

प्रश्न : अवतार घेतला की ओळख पूर्ण लपते ना? आणि ताई, तुमचं चॅनल कुठलं? (साखळी)

उत्तर : चेहरा लपतो, तुम्ही नाही. सगळ्यात मोठं भोक यूपीआयचं. प्रेक्षकांना पैसे पाठवायला क्यूआर दिलात, की पाठवणाऱ्याला तुमचं बँकेतलं पूर्ण नाव दिसतं, आडनावासकट. त्याऐवजी यूट्यूबच्या आतली सोय वापरा. ओबीएसमध्ये कॅमेरा स्वतंत्रपणे कधीच जोडू नका. कॅमेरा फक्त अवताराच्या सॉफ्टवेअरला द्यायचा आणि ओबीएसनं अवताराची खिडकी तेवढी पकडायची. दोन्हीकडे जोडलेला असला की एक चुकीचं बटण दाबलं जातं, आणि मग आपण गाऊनवर लाइव्ह. स्क्रीनवर येणारे संदेश बंद ठेवा. माझ्या एका ओळखीच्या मुलीची ‘बाय, पेज भरून घे’ ही आईची चिठ्ठी दोनशे माणसांनी वाचली.

आणि आवाज! पूर्वी मी साडेचारला सुरू करायचे. एक दिवस प्रतिक्रिया आली, “ताई, पोदेराचा, पाववाल्याचा भोंपू ऐकला. गोव्याच्या का?” पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं देवळातल्या आरतीच्या चालीवरून तालुका ओळखला. तिसऱ्यानं भोंपू नि आरतीमधल्या मिनिटांवरून वाडा. तेव्हापासून साडेसातनंतर, खिडकी लावून.

चॅनलचं नाव नाही सांगणार. अठरा आणि बावीस हजार कशासाठी घातले मग?